बडे बाबूंनी टँकर मागे घेतला

उत्तर प्रदेशात कचेरीतल्या मुख्य कारकुनाला ‘बडे बाबू’ म्हणतात. त्या खुर्चीवर बाई येऊन बसली तरी ती बडे बाबूच, कारण तिच्यासाठी वेगळा शब्द कुणी तयारच ठेवलेला नाही. त्यामुळे माहेरच्या मिरजेच्या आणि लग्न होऊन लखनौला आलेल्या विभाताई सोवनी या शहर सेवा मंडळाच्या पाण्याच्या टँकरच्या आगारात सगळ्यांच्या बडे बाबू होत्या. “आज बड़े बाबू हरी साड़ी में आई हैं, मूड अच्छा है,” असं ड्रायव्हर एकमेकांना फाटकातच सांगायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मूड चांगला असणं महत्त्वाचं होतं. विभाताईंचा राग नाकावर असायचा. ड्रायव्हर पट्टा न लावता निघाला, मोबाइल कानाला लावून वळला, ब्रेक न तपासता गाडी बाहेर काढली, की खिडकीतून त्यांचा आवाज येई आणि गाडी फाटकातच थांबे. महानगर नावाच्या वस्तीतल्या घरी मात्र हा आवाज चालत नसे. नवरा नरहर औषधांच्या संशोधनात इतका गढलेला, की बायको रागावली आहे हे त्याला दुसऱ्या दिवशी कळायचं. मुलगी श्रुती आईचं मराठी बोलणं सगळं ऐकून घ्यायची आणि हिंदीत उत्तर देऊन मोकळी व्हायची.

२००८च्या उन्हाळ्यात निशातगंजच्या एका गल्लीत अपघात झाला. टँकरवर रमाकांत मिश्रा होते. आगारातले सगळ्यात जुने ड्रायव्हर, संघटनेचे पुढारी, आणि हात असा की टँकर त्यांच्यापुढे पाळलेल्या गाईसारखा वागायचा. गल्ली अरुंद, टँकर उलटा आत घ्यायचा होता. आता लखनौत गाडी मागे घ्यायची म्हटलं की आख्खा मोहल्ला मदतीला धावतो. पानवाला, दूधवाला, वरच्या गच्चीतले आजोबा, सगळे एका सुरात ओरडतात, “आने दो, आने दो!” कुणी गाडीच्या पत्र्यावर थाप मारतं. मनापासून मारतं, त्यात खोट काही नाही. पण मागे नक्की काय आहे हे बघायला मात्र त्या गर्दीत कुणीच उभं नसतं.

त्या दिवशी मागे सरोज होती. कोपऱ्यावर चहाची टपरी चालवणारी. भिंतीलगतच्या ओट्यापाशी वाकून ती बादली सरळ करत होती. टँकर आणि ओटा यांच्यात तिचा पाय सापडला. हाड मोडलं. महिने गेले, प्लास्टर निघालं, टपरी पुन्हा सुरू झाली, पण सरोज लंगडायला लागली ती कायमची.

चौकशीत विभाताईंनी रमाकांतना विचारलं, “आने दो किसने कहा था?”

“सबने कहा था, बड़े बाबू.”

ते खोटं बोलत नव्हते. विभाताई मात्र त्या उत्तराने अस्वस्थ झाल्या. सगळ्यांनी सांगितलं म्हणजे कुणीच सांगितलं नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं आणि बाकी कुणाला दिसत नव्हतं. त्यांनी गाडी चालवण्याच्या नियमांत एक नवा नियम घातला: गाडी मागे घेताना मागे एकच माणूस उभा राहील, तो ड्रायव्हरला आरशात दिसला पाहिजे, बोलेल तर तोच बोलेल, आणि तो दिसेनासा झाला की त्या क्षणी ब्रेक.

आगारात हलकल्लोळ झाला. सगळ्यात मोठा आवाज रमाकांतचा. “बीस साल से टैंकर चला रहे हैं, अब हमें कोई हाथ दिखाएगा?” बाकीच्यांनी री ओढली. आगार ज्यांच्या हाताखाली होतं त्या अभियंता साहेबांना भांडणं नको होती. ते विभाताईंना म्हणाले, “ड्राइवर मान जाएँ तो ठीक, नहीं तो इसे वापस ले लीजिए.” नियम मागे घ्यायचा म्हणजे पुढच्या सरोजची वाट बघत बसायचं. विभाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तशाच बाहेर पटांगणात गेल्या.

तिथे रमाकांत टायरवर बसले होते. ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि अदबीने म्हणाले, “बड़े बाबू, आप तो साइकिल भी नहीं चलातीं. एक बार टैंकर पीछे करके दिखा दीजिए, कसम से, नियम सिर-आँखों पर.”

सगळे हसले. पैज अशी, की ती विभाताईंनी हरावी म्हणूनच लावलेली. विभाताई पन्नाशी ओलांडलेल्या, आणि स्कूटरवर नवऱ्यामागे बसतानाही डोळे मिटून घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, “दिखाऊँगी. लेकिन लाइसेंस लेकर.”

घरी हे सांगितल्यावर नरहरने प्रथमच वर्तमानपत्र खाली ठेवलं. “अगं, टँकर?”

“अहो, टँकरच. छोटी गाडी मागे घेऊन ते ऐकणारेत होय!”

“मम्मी, आप सीरियस हो?” श्रुतीने विचारलं. आणि आईचा चेहरा बघून स्वतःच म्हणाली, “हाँ, हो.”

कपूरथला बाजाराजवळच्या मोटार स्कूलचा शिक्षक पहिल्याच दिवशी घामाघूम झाला. विभाताई समोर म्हैस दिसली की स्टिअरिंग सोडून तोंडावर हात ठेवायच्या. पहिल्या परीक्षेत चढावर त्यांची गाडी मागे घसरली आणि त्या नापास झाल्या. आगारात ही बातमी त्यांच्या आधी पोचली. कुणीतरी पेढे वाटले म्हणे. दुसऱ्या परीक्षेला त्या पदर खोचून गेल्या आणि पास झाल्या. पण साध्या लायसन्सवर वर्ष काढल्याशिवाय मोठ्या गाडीचं मिळत नाही. बाकी कुणी असतं तर या वर्षात पैज थंड पडू दिली असती. विभाताईंनी अभियंता साहेबांना सांगून ठेवलं, “मेरा नियम वापस नहीं हुआ है, रुका है,” आणि रोज सकाळी श्रुतीला शेजारी बसवून गाडी चालवत कचेरीत यायला लागल्या. मग आलमबागला एका जुन्या ट्रकवर शिकल्या आणि मोठ्या गाडीचं लायसन्सही काढलं. त्या ट्रकच्या क्लचने त्यांचा गुडघा सुजायचा. नरहर गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचा, आणि हे मात्र त्याला त्याच दिवशी कळायचं.

या सगळ्या काळात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. निशातगंजच्या त्या गल्लीची फेरी आली की रमाकांत दुसऱ्याशी पाळी बदलून घेत. कारण विचारलं की कमरेचं दुखणं सांगत. विभाताईंनी त्यांना एकदाही टोकलं नाही.

२०११च्या जानेवारीत, धुकं विरल्यावर, पटांगणात आगाराच्या भिंतीपर्यंत रिकामी पिंपं मांडून निशातगंजच्या गल्लीएवढी गल्ली तयार झाली. आगारातले सगळे जमले. साहेबही आले. मागे उभं राहून हात दाखवायला रमाकांत स्वतः गेले. विभाताई वर चढल्या. पट्टा लावला, आरसे लावून घेतले, आणि टँकर मागे सरकायला लागला.

“आने दो, आने दो!” सवयच ती. सगळं पटांगण ओरडायला लागलं. विभाताईंनी कुणाकडे बघितलं नाही. आरशात रमाकांतचा हात दिसत होता, तेवढ्यावर त्या येत होत्या. अर्धी गल्ली झाली. मग रमाकांत मिशीत हसले आणि मुद्दाम बाजूला सरकले. आरसा रिकामा झाला.

विभाताईंनी ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरल्या.

हशा पिकला. “हार गईं, बड़े बाबू हार गईं!” रमाकांत मागच्या मोकळ्या जागेकडे हात करून म्हणाले, “पीछे तो कुछ था ही नहीं. रुकीं क्यों?”

“आप दिखे नहीं, इसलिए.” विभाताईंनी किल्ली त्यांच्यापुढे धरली. “अब आप बैठिए. पीछे मैं खड़ी रहूँगी.”

चारचौघांत नाही कसं म्हणणार? रमाकांत चढले. विभाताई टँकरच्या मागे जाऊन भिंतीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मनातून त्या घाबरल्या होत्या, खोटं कशाला सांगा. त्यांनी हात वर केला. टँकर निघाला तो सरळ रेषेत, लोण्यातून सुरी जावी तसा. पोरं पुन्हा ओरडायला लागली, “आने दो, आने दो!” कुणीतरी पत्र्यावर थाप मारली. आणि विभाताई एक पाऊल बाजूला झाल्या, पिंपाच्या पलीकडे.

करकचून ब्रेक लागला. आख्खा टँकर हेलकावला, आतलं पाणी डचमळून वरच्या झाकणातून उसळलं. तरी दोघं-तिघं ओरडतच होते. दार उघडलं आणि रमाकांत अर्धे बाहेर झुकून असे गरजले, की पिंपावरचे कावळे उडाले.

“चुप! सब के सब चुप! दिख नहीं रही हैं वो! कहाँ हैं बड़े बाबू? कहाँ हैं?”

पटांगण गप्प झालं. विभाताई पुढे आल्या. “यहाँ हूँ. कुछ नहीं हुआ.”

रमाकांत खाली उतरले. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी मागच्या बंपरला हात लावला, मग भिंतीला, आणि मोठा श्वास घेतला. “उस दिन भी यही शोर था,” ते म्हणाले. “मैंने शोर सुना. सरोज को नहीं देखा.” सगळ्यांसमोर म्हणाले, मान खाली न घालता. अडीच वर्षं जे गिळून ठेवलं होतं ते असं भरदिवसा बाहेर पडलं. विभाताईंना त्या क्षणी त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आयुष्यात फार थोड्या माणसांचा वाटला असेल.

मग रमाकांत आपल्याच माणसांकडे वळले. “सुन लो. अब से पीछे एक आदमी, और बोलेगा वही एक. जो बीच में चिल्लाया, उससे मैं निपटूँगा.” साहेबांनी घाईघाईने मान डोलावली, जणू त्यांचंही आधीपासून हेच मत होतं.

“लेकिन शर्त पूरी नहीं हुई,” विभाताई म्हणाल्या. “मेरा टैंकर आधे में खड़ा था.”

रमाकांतनी टँकर पुन्हा पिंपांच्या गल्लीच्या तोंडाशी नेऊन लावला, उतरून दार त्यांच्यासाठी धरलं, आणि मागे जाऊन उभे राहिले, पूर्ण, डोक्यापासून पायापर्यंत आरशात मावतील असे. विभाताईंनी गियर टाकला. पटांगणात एक शब्द नव्हता. एकाच माणसाचा हात हलत होता आणि त्या हातावर विश्वास टाकून ती मिरजेची बाई पाण्याने भरलेला टँकर मागे आणत होती, एकाही पिंपाला न शिवता. भिंतीपाशी रमाकांतचा हात उभा राहिला. टँकर थांबला.

आणि मग काय गलका झाला म्हणता! टोप्या उडाल्या, कुणी पिंपं बडवली. विभाताई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होत्या आणि रडतही होत्या. लग्नात नाही, बढतीला नाही, इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

त्याच दुपारी रमाकांतनी पाळी न बदलता निशातगंजची फेरी घेतली. मागे माणूस उभा केला. गल्लीतले लोक सवयीने ओरडायला लागले, तशी टपरीवरून सरोज लंगडत पुढे आली, कमरेवर हात ठेवून सगळ्या मोहल्ल्याला तिने दटावून गप्प बसवलं, आणि टँकर आत आला.