दूध उलटणाऱ्या बाळांच्या आपा

आमच्या आपा ऑपरेशन करण्यापेक्षा ऑपरेशन नाकारण्यासाठी अकोल्यात जास्त प्रसिद्ध होत्या. लहान मुलांच्या सर्जन. पण दूध उलटणारं तान्हं बाळ घेऊन कोणी "याचं ऑपरेशन करून टाका" म्हणत आलं, की त्या आधी बाळाला काट्यावर ठेवत. वजन नीट वाढत असलं की आईला म्हणत, "तरास पोराले नाई, तुमच्या लुगड्याले आहे. वर्षाचं होऊ द्या, आपोआप थांबते."

अंजनगाव सुर्जीहून नर्स म्हणून मी नवी आले, तेव्हा टेबलाजवळ उभं राहायला मला त्यांनीच शिकवलं. चुकीचं हत्यार दिलं तर रागावत नसत. हात तसाच पुढे ठेवत, माझं मला कळेपर्यंत.

चांदूर रेल्वेजवळच्या एका माळ्याच्या घरातली चार महिन्यांची मुलगी आली. वर आलेलं दूध श्वासनळीत जाऊन तिला तीनदा न्यूमोनिया झाला होता. पाजलं की निळी पडायची. औषधं झाली, नळीनं दूध देऊन झालं, वजन हलेना. या वेळी आपाच म्हणाल्या, "आता ऑपरेशन."

आजी उसळली. "एवढ्याशा पोटाले सुरी? काहून? बाकीच्यांले तं नाई म्हणता!"

आपा तिच्यासमोर फरशीवर बसल्या. ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळून म्हणाल्या, "बोट म्हणजे अन्ननळी, ओढणी म्हणजे जठराचा वरचा भाग. असा वेढा देला की दूध खाली जाते, वर येत नाई. बाकीच्यांचं आपोआप थांबते, आजी. हिच्यापाशी तेवढा वेळ नाई."

आजी त्या बोटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी सोता कराल ना?"

"मीच."

वेढा सैल राहिला तर दूध पुन्हा वर येणार, आवळला तर खालीच उतरणार नाही. प्रत्येक टाक्यानंतर आपा थांबत, बघत, मग पुढचा घालत. काही दिवसांनी आईनं घाबरत पहिल्यांदा पदराखाली घेतलं. मुलगी प्यायली आणि झोपली. ओठ गुलाबीच राहिले. आजीनं आपांचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले.

आज मी अमरावतीच्या दवाखान्यात आहे. नर्सिंगला आलेल्या नव्या मुली विचारतात, सिस्टर, तुम्ही कोणाच्या हाताखाली शिकलात? आपांचं नाव घेताना माझी पाठ आपोआप ताठ होते. त्याचं खरं कारण मात्र त्या ऑपरेशनच्या कितीतरी वर्षांनंतरचं आहे.

एका संध्याकाळची गोष्ट. दुसऱ्या दिवशी एका बाळाचं तसंच ऑपरेशन ठरलं होतं. आपांनी मला खोलीत बोलावलं. "हात हालून राहिला माहा. जरासाच."

"मले तं कधी नाई दिसला, आपा."

"बेटा, तुले दिसायच्या आधीच थांबा लागते."

ते ऑपरेशन त्यांनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या डॉक्टरीणबाईंना दिलं. सकाळी मी आत जाताना मागे वळून पाहिलं. थिएटरबाहेरच्या बाकावर, बाळाच्या आईचा हात आपल्या हातात घेऊन, आपा बसल्या होत्या.