बिब्ब्याची शाई

निकिताचं बोट टम्म फुगलं होतं. डाव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. वर द्राक्षाएवढा फोड, आत पाणी. तिची आई अंगणवाडीच्या दारात उभी राहून ओरडत होती, "कुणी केलं गं हे? नुसतं नाव सांग मला!" आणि पाच वर्षांची ती पोर मान ताठ करून म्हणाली, "सांगत नसतेत. गुप्त असतंय."

मी खिचडी ढवळत होते. ढवळतच राहिले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आणि सुनेला तर नाहीच — तिला सांगितलं की सगळ्या गल्लीला कळतं. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका. मलाही नीट माहीत नाही.

मी अंगणवाडीत मदतनीस होते. झाडायचं, पोरं घरोघरून गोळा करून आणायची, नाकं पुसायची, खिचडी शिजवायची. शिकवायचं काम सेविकेचं, म्हणजे शोभाताईंचं. माझी शाळा चौथीपर्यंत. पण राष्ट्रगीत म्हणताना पोरांचं सुरुवातीचं गाडं अडलं की शोभाताई माझ्याकडं बघायच्या — आवाज माझा मोठा.

त्या वर्षी निवडणूक होती. शोभाताईंनी ठरवलं, पोरांना मतदान शिकवायचं. दोन मडकी मांडली, एकावर मोराचं चित्र, एकावर वाघाचं. राष्ट्रीय पक्षी विरुद्ध राष्ट्रीय प्राणी. प्रत्येकाला एक चिंचोका. चादरीच्या आड जायचं, आवडेल त्या मडक्यात टाकायचा, आणि कुणाला टाकला ते सांगायचं नाही. मोर निवडून आला. वाघाच्या मडक्यात हात घालायला कुणी धजलंच नाही.

पण पोरांना मोर-वाघापेक्षा आवडला तो 'गुप्त' हा शब्द. पुढं आठ दिवस सगळंच गुप्त. डब्यात काय आणलं? गुप्त. चटईवर शू कुणी केली? गुप्त. शोभाताई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "मावशी, लोकशाही लई झाली आता."

मग खरं मतदान आलं. केंद्र आमच्याच खोलीत. आदल्या दिवशी साहेब लोक आले आणि भिंतीवरच्या तक्त्यांवर वर्तमानपत्र चिकटवायला लावलं — घड्याळ झाका, हात झाका, कमळ झाका. मी हात झाकला तेव्हा शरीराच्या तक्त्यावर राहिलं काय? नाक आणि गुडघा. दोन दिवसांनी शोभाताईंनी विचारलं, आपलं राष्ट्रीय फूल कोणतं? तर सगळी पोरं एका सुरात — "झाकलेलं!"

हसा. मीही हसले होते.

आता मुद्द्यावर येते. पोरांना सुट्टी देताना शोभाताईंनी सांगून ठेवलं होतं, "परवा येताना आईच्या बोटाची शाई बघून यायची. मावशींची पण बघायची बरं का, मावशी काय मत दिल्याशिवाय राहायच्या नाहीत." आणि मावशी मतदानाच्या दिवशी कुठं होत्या? लासूर स्टेशनला, बहिणीकडं, कुरडया घालत. सुट्टी होती, चीक शिजवायचा होता, रांगेत उभं राहायचा कंटाळा आला. दुसरं काही कारण नाही. नाव यादीत होतं, केंद्र माझ्याच खोलीत होतं. झाडायला रोज जात होते तिथं, मत द्यायला गेले नाही.

परत आले तेव्हा बोट कोरं. पोरांसमोर कसं जायचं? बहिणीनं टाचांच्या भेगांसाठी चार बिब्बे दिले होते. सुई तापवून एकात टोचली, तेल आलं, बोटाला लावलं. काळंभोर. माझं कातडं असं की चुलीतला निखारा धरला तरी काही होत नाही. तोच बिब्बा कागदात गुंडाळून कमरेच्या पिशवीत टाकला — काळं उडालं तर पुन्हा लावता येईल म्हणून. खोटं बोलायचं तर तयारीनिशी, नाही का?

सकाळी पोरांनी रांग लावून माझं बोट बघितलं. कुणी वास घेतला. शोभाताई म्हणाल्या, टाळ्या वाजवा. वाजवल्या.

निकिता मात्र थांबली. बारीक डोळ्यांची पोर. दुपारी हात धुवायला मोरीपाशी आली आणि म्हणाली, "मावशी, माझ्या आईच्या बोटाला रेघ हाये. शोभाबाईंच्या पण रेघ. तुमचा ठिपका कसा काय?"

मी काय करायला पाहिजे होतं? हसून सांगायचं, "नाय गेले बाई, चुकलं." एवढंच तर होतं. पोरांना रोज शिकवतो ना आम्ही — खरं बोलावं. पण मला वाटलं, आता ही आत जाऊन ओरडणार. तिला म्हटलं, "तुला पाहिजे का ठिपका?" तिचे डोळे असे चमकले! बिब्बा काढला, दाबला, तिच्या बोटाला लावला. "आता तू पण मत दिलं. ठिपका कुणी लावला ते सांगायचं नाय. मतदान कसं असतंय?"

"गुप्त," ती म्हणाली.

बिब्बा उततो, कोवळ्या कातडीवर फोड आणतो, हे मला माहीत नव्हतं का? होतं. लहानपणी माझी चुलत बहीण आठ दिवस सुजली होती. मला माहीत होतं आणि मी लावला, कारण तिचं तोंड त्या क्षणी बंद व्हायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोड. शोभाताई स्वतः रिक्षा करून तिला औरंगपुऱ्यात डॉक्टरकडं घेऊन गेल्या. डॉक्टर तरुण होता, बिब्बा त्यानं कधी बघितला नसावा. म्हणाला, गरम काहीतरी लागलंय. झालं. आई म्हणाली, खिचडीचं पातेलं. पर्यवेक्षिका आल्या, खुलासा मागितला. पातेलं माझं होतं, म्हणजे बोल मलाच लागायचा. तर शोभाताई म्हणाल्या, "मावशी चुलीपाशी होत्या. पोरांवर लक्ष ठेवायचं काम माझं." आणि तसं लिहून सही केली. त्या वर्षी त्यांचं नाव वरच्या जागेसाठी गेलेलं होतं. ते परत आलं. पुढं कधी गेलं नाही. मी कागदावर पाणी सांडू नये म्हणून तांब्या बाजूला ठेवला. तेवढंच केलं.

बोलीत म्हणतात ना, कामात बिब्बा घातला. लोक म्हणायला म्हणतात. मी खरोखर घातला.

शोभाताई सेविका म्हणूनच निवृत्त झाल्या. दिवाळीला मला बोलवतात, चिवडा बांधून देतात. मी घेते आणि खाते. त्यानंतर एकही मतदान मी चुकवलेलं नाही. त्यानं काही फिटतं असं मला वाटत नाही.

गेल्या मतदानाला निकिता गल्लीत भेटली. कॉलेजात जाते आता, माझ्यापेक्षा वीतभर उंच. बोट माझ्या नाकासमोर धरलं, वर शाईची लांब रेघ. म्हणाली, "बघा मावशी. रेघ हाये." आणि हसत निघून गेली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. तेव्हाही, आताही.

तिला त्या वेळी सगळ्यांनी विचारलं. आईनं मारून, डॉक्टरनं गोळी देऊन, शोभाताईंनी मांडीवर घेऊन, पर्यवेक्षिकांनी दरडावून. पंधरा दिवस पट्टी होती, रात्रंदिवस आग होत होती. तिनं माझं नाव घेतलं नाही. ती पाच वर्षांची होती.