कार्ड दाखवा, मगच आत

आमच्या हॉटेलात आलेल्या पहिल्यावहिल्या पाहुण्यांना मी अर्धा तास गेटाबाहेर उभं केलं. त्यांनी सगळे पैसे आगाऊ भरलेले होते, हे मला ठाऊक नव्हतं. खरं तर मलाच ठाऊक असायला हवं होतं, कारण मी चौतीस वर्षं बँकेत नोकरी करून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झालेला माणूस!

हॉटेल म्हणजे समुद्राकाठच्या आरे-वारेच्या रस्त्याला, आमच्या घराला लागून बांधलेल्या चार खोल्या. हौस माझी नव्हे, अडतीस वर्षं माझ्याशी संसार केलेल्या बायकोची, सुनंदाची. रंग तिने निवडले, पडदे तिने शिवले, गवंड्याशी भांडणंही तिनेच केली. मुलीने, अनघाने, पुण्यात बसून खोल्या बुकिंगच्या साइटवर टाकल्या. सुनंदाला घोर एकच लागला होता. मोबाइलच्या नकाशावर पहिला पाहुणा काय लिहितो, त्यावर पुढचं सगळं ठरणार. "पहिल्यानेच नावं ठेवलीन, तर इथे पुढे कोणी फिरकणार नाही," असं ती उठता-बसता म्हणायची. मला तिने फक्त पैशांची बाजू सांभाळायला सांगितली होती. (म्हणजे बाकी कशाला हात लावू नका, हे तिच्या परीने गोड शब्दांत!)

पहिलं बुकिंग आलं नागपूरच्या वानखेड्यांचं. सोबत त्यांची म्हातारी आई, शनिवार-रविवार दोन दिवस. साइटवाल्यांनी मेल केला की पाहुण्यांचे पैसे आमच्याकडे जमा आहेत, तुमच्यासाठी एक व्हर्च्युअल कार्ड दिलं आहे. मी तीन दिवस पोस्टमनची वाट पाहिली. चौथ्या दिवशी तो आमचं घर टाळून पलीकडच्या गडग्यावरून उडी मारून जाताना दिसला, तेव्हा मी अनघाला फोन केला.

तिने सांगितलं की कार्ड हातात येतच नाही. मेलमध्ये नंबर आहे, तेच कार्ड. तो आपण आपल्या मशीनवर टाकायचा, की पैसे आपल्या खात्यात. मी म्हटलं, "समजलं." (हा शब्द मी जेव्हा जेव्हा उच्चारलाय, तेव्हा तेव्हा घरच्यांना काहीतरी निस्तरावं लागलंय.) ती तारखेबद्दल आणखी काहीतरी सांगत होती, पण तोवर मी फोन ठेवला होता.

आता गोची अशी, की तो शनिवार निघाला अमावास्येचा. आमच्याकडे अमावास्येला कोणी नवी चप्पलसुद्धा पायात घालत नाही, मग धंद्याची भवानी कशी करायची? पहिली कमाई चांगल्या वेळेलाच हातात पडायला हवी. मी पंचांग काढून गुरुवारची सकाळ मुक्रर केली. मशीनला हळद-कुंकू वाहिलं, पुढे गुळाचा खडा ठेवला आणि नंबर दाबला. मशीनने नकार दिला. चष्मा पुसून पुन्हा दाबला. पुन्हा नकार. सुनंदाचा वाचायचा चष्मा लावून तिसऱ्यांदा दाबला, तर मशीन चिठ्ठीच ओकायला लागलं, तिच्यावरही नकारच!

झालं! माझ्यातला कॅशियर जागा झाला. हा वानखेडे लफंगा आहे, याबद्दल मला काडीचीही शंका उरली नाही. साइट उघडून 'कार्ड चालत नाही' असं कळवलं. बुकिंग रद्द करायचं का, असं साइटने विचारलं. मी म्हटलं, करायचं म्हणजे करायचंच. दाबलं बटण. सुनंदाला मात्र सांगायचं राहिलं. ती तेव्हा पाहुण्यांसाठी कुळीथ दळून आणायला निघाली होती आणि इतकी खुशीत होती, की माझी जीभ रेटेना. म्हटलं, लफंगा कशाला येतोय? दोन दिवस वाट बघेल बिचारी आणि विसरून जाईल.

लफंगा शनिवारी दुपारी बरोबर एक वाजता आला.

मी बनियन घालून, पंचा नेसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात काठी घेऊन पपईवरची माकडं हाकत होतो. गाडी थांबली. वानखेड्यांनी हसून नाव सांगितलं, पैसे भरल्याचा मेसेज दाखवला. मी काठी गेटाला आडवी लावली आणि म्हटलं, "कार्ड दाखवा."

त्यांनी निमूटपणे पाकीट काढून कार्ड दिलं. मी कमरेला खोचलेली, मेलमधला नंबर लिहिलेली चिठ्ठी काढून एकेक आकडा ताडून पाहिला. एकही जुळेना! मग काय, माझ्या अंगात वीजच संचारली. म्हटलं, नंबर एक देता आणि कार्ड दुसरंच दाखवता, चौतीस वर्षं आम्ही काय माश्या मारल्या? ते बापडे सांगत होते की साइटने कोणता नंबर दिला ते मला काय माहीत, माझे पैसे तर कधीच कापले गेलेत. मी ऐकतोय कसला! शेवटी त्यांचा आवाज चढला.

"काका, तुमचं काय ते होऊ द्या, पण माझ्या आईला गाडीत काऊन बसवून ठेवता? समुद्र पाहायचा म्हणून दोन दिवस प्रवास केला तिनं. नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो."

आवाज ऐकून सुनंदा बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, गाडीतल्या आजींकडे पाहिलं आणि सरळ अनघाला फोन लावून माझ्या हातात दिला.

"बाबा," अनघा म्हणाली, "पैसे साइटने घेतले, आपल्याला फक्त साइटच्या नावावरचा वेगळा नंबर दिला. तो पाहुण्यांच्या कार्डाशी जुळणारच नाही. आणि तो पाहुणे येतात त्या दिवशीच चालू होतो. आज."

"पण आज अमावास्या आहे," मी म्हटलं.

मग मी बुकिंग रद्द केल्याचंही सुनंदाला सांगून टाकलं. वानखेड्यांनी प्रवासात पाहायचा राहिलेला मेल तिथल्या तिथे उघडला. बुकिंग रद्द, पैसे परत. सुनंदाचा चेहरा एवढासा झाला. डोळे भरून आले होते तिचे, आणि खरं सांगतो, त्या क्षणी ती काठी मला स्वतःच्याच पाठीत घालावीशी वाटली.

पण बाई खंबीर. डोळे पुसलेन, गाडीचं दार उघडलंन आणि आजींचा हात धरून म्हणाली, "आजी, बुकिंग गेलं खड्ड्यात. तुम्ही आत चला, कढी गरम आहे."

पुढचे दोन दिवस मी लाजेने समोर आलो नाही. बॅगा उचलल्या, माडांना पाणी घातलं, आजींसाठी वाळूत खुर्ची नेऊन ठेवली. निघताना वानखेड्यांनी खोल्यांचे पैसे सुनंदाच्या फोनवर पाठवले आणि माझ्या हातात शंभराची नोट कोंबली. माणूस मनाचा मोठा, सगळं विसरला, असं वाटून मला अगदी भरून आलं.

संध्याकाळी नकाशावर रिव्ह्यू आला. सुनंदाने देवापुढे दिवा लावूनच तो उघडला. पाच तारे! 'बाई अन्नपूर्णा आहेत. खोल्या स्वच्छ. आई समुद्र पाहून खूश. फक्त गेटवरचा म्हातारा रखवालदार बदलावा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, अडतीस वर्षांपासून आहे. जुना माणूस, काढवत नसेल.'

मी म्हटलं, खुलासा कर. तिने लगेच खाली उत्तर लिहिलं: 'सूचनेबद्दल आभार. माणूस कामाचा नाही, पण पगार घेत नाही म्हणून ठेवलाय.'

आता यात खोटं काय काढणार? उलट दर महिन्याला पेन्शन मीच तिच्या हातात नेऊन देतो.