गालानं टॉवेल पारखणारे मामा

सोलापुरात टॉवेल विकणारे पायलीला पन्नास, पण प्रत्येक टॉवेल गालाला लावून, डोळे मिटून पारखणारे मामा मी एकच पाहिले. ऑफिसच्या वाटेवर त्यांची हातगाडी उभी असायची. या कामासाठी ते रोज गुळगुळीत दाढी करून यायचे.

बहिणीच्या तान्ह्या बाळासाठी टॉवेल घ्यायला गेले, तेव्हा मी न राहवून विचारलं, "मामा, हातानं का नाही बघत?"

"हात लूमवर निबर झाले की, ताई. त्यास्नी आता सगळंच सारखं लागतंय. गाल तेवढा खरं सांगतोय."

मग सहा-सात टॉवेल गालाला लावून त्यांनी बाजूला ठेवले. "बाळाला ह्यातला एकबी नको. नवा लई मऊ लागतोय, पर पाणी टिपत न्हाय. घरातला जुना द्या, धुऊन धुऊन मऊ झालेला. नवा तुमी वापरा."

असं म्हणत त्यांनी मला टॉवेल विकलाच!

त्याला चार वर्षं झाली. बाळ आता बालवाडीत जातं. परवा तोच टॉवेल वाळत घालताना मी गालाला लावला, डोळे मिटले आणि लगेच बहिणीला फोन केला, "दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर सांग. टॉवेल तयार आहे."