चष्मेवाल्याचा लघळपणा

चष्मेवाला लघळ आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. दुकानात बाईमाणूस आलं की गड्याच्या जिभेला पालवी फुटायची. कानामागं काडी बसवता बसवता म्हणायचा, "मॅडम, असले डोळे काचेआड कोंडायचे, माझ्याच्यानं होत नाही हो!" बायका "चला, काहीतरीच तुमचं!" म्हणत लाजायच्या आणि महागातली फ्रेम घेऊन जायच्या.

आतल्या खोलीत त्याची बायको चाकावर काचा घासायची. मध्ये नुसता फळ्यांचा आडोसा, सगळं ऐकू यायचं. नवी नवरी होती तेव्हा तिला ते ऐकून मिरच्या झोंबायच्या. सासूकडं गाऱ्हाणं नेलं तर सासू म्हणाली, "अगं, वाईट नजरेचा नाही तो. नुसता लघळ. आजीबाई आली तरी तिच्याशीही तसाच बोलतो." ते खरंच होतं. पुढं पुढं तर त्याची वाक्यं तिलाच पाठ झाली, काच घासता घासता ती आधीच पुटपुटायची.

मग पोस्टात नवी बाई बदलून आली. तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, म्हणून ती सारखी यायची. आणि ती आली की फळ्यांपलीकडून आवाजच यायचा नाही.

आज बायकोनं चाक थांबवून कान दिला.

"टोचतंय का?"

"नाही."

"बरं."

संपलं. ती ओल्या हातानंच बाहेर आली. नवऱ्याचे कान लालबुंद झालेले.

"द्या इकडं."

"अगं, करतोय ना मी..."

"स्क्रू उलटा पिळताय तुम्ही."

तिनं स्क्रू पिळला, करकर वाजेस्तोवर पिळला. "घ्या ताई. आता ढिला व्हायचा नाही. परत यायची तसदी नको."

"जरा घट्टच वाटतोय..."

"होईल सवय."

पोस्टातली बाई पायरी उतरली तसा नवरा उखडला, "गिऱ्हाइकाशी असं बोलतात?"

"तुम्ही तर बोललाच नाहीत. कुठं गेला होता लघळपणा?"

"छे, काही सुचलं नाही एवढंच."

"मला बघायला आलात तेव्हाही तुम्हाला काही सुचलं नव्हतं."

तिनं पदराला हात पुसले आणि गल्ल्यामागच्या त्याच्या स्टुलावर बसकण मारली.

"आत जा. उरलेल्या काचा घासा. बाहेरचं मी बघते."