वायर ढिली नव्हती

अकोल्याच्या दीपमाला गवई वीसेक वर्षांपासून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात. गायक श्वास घ्यायला थांबला, की ती रिकामी जागा भरून काढणं हे त्यांचं काम. घरी मात्र त्यांनी पियानोसाठी सहा छोट्या रचना बांधल्या. त्यांत स्वर मोजके आणि मधली शांतता लांब. जठारपेठेतल्या घरी आई पंचफुलाबाई मेथी निवडत ऐकायच्या आणि दर शांततेला विचारायच्या, "झालं काय व?"

"नाही माय, थांब."

गेल्या महिन्यात एका लहान सभागृहात दीपमालांनी त्या रचना कीबोर्डवर प्रथमच लोकांसमोर वाजवल्या. लोक ही शांतता ऐकून घेतील का, एवढीच त्यांना धास्ती होती. माइक-स्पीकर ऑर्केस्ट्रातल्याच पिंटू इंगळेकडे होते. कीबोर्ड गप्प झाला म्हणजे वायर ढिली, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. पहिल्याच रचनेत स्वर थांबले आणि तो धावत मंचावर चढून पिन दाबू लागला.

पहिल्या रांगेतून पंचफुलाबाई ओरडल्या, "पिंट्या, उतर खाली! वाजवून राहिली ना ते!"

"आवाज कुठी हाये, मावशी?"

"नसतेच तिथं. आयक गुमान."

लोक हसले. पिंटू उतरेपर्यंत दीपमाला हात मांडीवर ठेवून बसल्या. मग पुढचा स्वर वाजला. त्यानंतर कोणी खोकलंसुद्धा नाही. सहावी रचना संपली तरी टाळी वाजेना. सगळे पंचफुलाबाईंकडे पाहत होते.

त्यांनी लेकीला विचारलं, "आता झालं काय व?"

"हो माय," दीपमाला म्हणाल्या, तेव्हा कुठे टाळ्या वाजल्या.