माझ्या हातची रेघ

सरपंचांनी काळ्या रंगाचा डबा माझ्या हातात दिला नाही. खाली ठेवला आणि काठीच्या टोकानं माझ्या पायाशी सरकवला.

‘त्या वस्तीभोवती रेघ वढ. जाड वढ. साह्यबाले समजलं पायजे, गाव कुठं सरलं थे.’

गुरुवारची दुपार. शाळेची एकच खोली. मागं हेडमास्तर उभे, पंचायतीचे दोन मेंबर उभे, आणि चौथीची पोरं मांडी घालून बसलेली. समोरच्या भिंतीवर मी काढलेला गावाचा नकाशा. सरपंच हेडमास्तरांना तुमी म्हणत. माझ्या आधीच्या बाईंनाही तुमीच म्हणत. मला तू.

‘तुले तर मालूमच हाये कुठून कुठवर हाये थे. तिकडंच राह्यतं ना तू?’

एक मेंबर हसला. त्याचं पाहून दोन-तीन पोरंही हसली. पोरांना काय कळत होतं? बाईंना कुणी हसलं तर हसायचं असतं, एवढं कळलं.

मी वाकले. डबा उचलला. रेघ ओढली.

दर्यापूर तालुक्यातलं गाव. नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील, त्या एकाच गावात असं होतं. झेडपी नवी नवी झाली होती. अमरावतीहून ट्रेनिंग करून मी पहिल्याच नोकरीवर आले होते. माझे वडील अकोटला कापसाच्या जिनात कामाला. खोकून खोकून वाकलेले. घरात खाणारी तोंडं सहा आणि आता नोकरीवाली मी एकटी. एसटीत बसवताना वडील एवढंच बोलले, ‘नोकरी जपजो, बाई. कोनाच्या तोंडी लागू नोको.’ मी मान हलवली. मान हलवणं आम्हाला शिकवावं लागत नव्हतं.

गावात खोली मागितली. कुणी सरळ नाही म्हणालं नाही. एकाकडं पाहुणे येणार होते, दुसऱ्याकडं कापूस भरायचा होता, तिसऱ्याच्या सुनेचं बाळंतपण होतं. चार दिवस सगळ्या गावाची घरं अशी भरून गेली. मग आमच्याच लोकांच्या वस्तीतल्या भागरता मायनं मला ठेवून घेतलं. एकटी म्हातारी. कपाळ कोरं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बोलणं असं की खापर फुटावं. तिच्याकडं मी वर्षभर राहिले. म्हणजे सरपंचांचं खरंच होतं. त्या रेघेच्या आत माझंही अंथरूण होतं.

नकाशा काढायला हेडमास्तरांनी सांगितलं होतं. बीडीओ साहेब सोमवारी गाव पाहायला येणार होते. ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा मी पास होते, म्हणून काम माझ्याकडं आलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. पुड्यांतले रंग डिंकाच्या पाण्यात कालवले. भिंतीवर आधी पेन्सिलीनं घरं आखली. मग रंग भरले. मातीची घरं तांबूस, नदी निळी, वावरं काळपट, शाळा पिवळी. आमची वस्तीही तांबूसच. तिथलीही घरं मातीचीच होती.

ट्रेनिंगला ड्रॉइंगचे सर सांगायचे, बाहेरची रेघ फक्त आधाराला. रंग भरला की ती दिसता कामा नये. नवशिका चित्रकार रेघ ठेवतो, कारण रंग कुठं थांबवायचा याची त्याला खात्री नसते. मी एकूण एक रेघ घालवली होती. रंगाला रंग भिडला होता. घराला घर लागलं होतं. भिंतीवर गाव इतकं एकसंध दिसत होतं की मीच पाहत बसले.

आणि तेच त्यांना खुपलं.

पुडीचा रंग हाताला लागतो, पुसला जातो, म्हणून सरपंचांनी मुद्दाम बैलगाडीला लावायचा तेलाचा काळा रंग आणला. मी त्यात ब्रश बुडवला. रेघ वाकडी येऊ नये म्हणून मी श्वास धरला. आज याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. रेघ ओढली याची वाटतेच, पण ती सुबक यावी म्हणून मी जीव ओतला याची जास्त.

‘झकास,’ सरपंच म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भागरता माय नकाशा पाहायला आली. साऱ्या वस्तीत बोलबाला झाला होता, बाईनं भिंतीवर गाव काढलं म्हणून. ती उंबऱ्यावर थांबली. मी ये म्हटलं तेव्हा आत आली. त्या शाळेत ती पहिल्यांदाच आत येत होती.

‘माह्यं घर कोनतं व?’

मी दाखवलं. तिनं बोटानं चाचपलं. बोट सरकत सरकत काळ्या रेघेशी आलं.

‘अन हे काय होय?’

‘सरपंचांनी सांगितलं,’ मी म्हणाले.

‘सांगतलं कोनं थे नाई इचारलं म्या. वढलं कोनं?’

‘मी,’ मी म्हणाले.

‘बरं,’ ती म्हणाली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि निघून गेली. घरी गेल्यावर रोजच्यासारखी भाकर वाढली. एक शब्द वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी ती भाकर खाल्ली आणि मला वाटलं, मी या म्हातारीला तिच्याच घरात कोंडून आले आहे.

तरी शनिवारी मी काहीच केलं नाही. हे सांगितलंच पाहिजे. तेलाचा रंग ओला असतो तोवर घासलेटच्या बोळ्यानं पुसता येतो. मला ते ठाऊक होतं. कंदिलात घासलेट होतं, शाळेची किल्ली माझ्याजवळच होती. पण मी भ्याले. वडिलांचं खोकणं आठवायचं. नोकरी गेली तर काय? रस्त्यात कुणी अडवलं तर? आम्हां दोघी बायकांच्या घराला साधी कडी होती, कुलूप नव्हतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण माझ्यामागचा राक्षस काही मनाचा नव्हता. रोज काठी घेऊन शाळेवरून जायचा. विचार करता करता रंग वाळला. रेघ दगड झाली.

रविवारी शेजारच्या गावचा बाजार. दुपारी गाव रिकामं होतं. मी भागरता मायचं खुरपं पदराखाली घेतलं, चुन्याची डबी आणि रंगाच्या पुड्या पिशवीत टाकल्या आणि शाळेत गेले. आतून कडी लावली.

पहिलं खुरपं मारलं आणि एवढा आवाज झाला की माझाच जीव दचकला. खर्र. थांबले. कान दिला. बाहेर कुणी नाही. पुन्हा एकदा. खर्र. काळे पापुद्रे पायावर पडत होते. रेघेबरोबर खालचा रंग निघाला, चुना निघाला, माती दिसू लागली. मधेच गाडीची चाकं वाजली तेव्हा मी भिंतीला पाठ लावून बसून घेतलं. चाकं दूर गेली. खालची रेघ तशीच बसून खरडली.

मग चुना भरला. तो जरा सुकल्यावर रंग घेतला. सर म्हणायचे, रेघेच्या जागी तिसरा रंग भरू नका, नाहीतर त्याचीच रेघ होते. दोन्हीकडचे रंग पुढं आणा, एकमेकांना भिडेपर्यंत. मी गावाकडचा तांबूस रंग पुढं आणला. वस्तीकडचा पुढं आणला. ते एकाच पुडीतले होते. भिडल्यावर कुठला कुठून आला ते मलाही सांगता येईना.

कडी वाजली. माझ्या हातून ब्रश पडला.

‘बाई, मी आहे.’ हेडमास्तर. मी दार उघडलं. मूळचे अमरावतीचे, बोलायला गोड माणूस. त्यांनी भिंत पाहिली, खुरपं पाहिलं, माझे काळे हात पाहिले.

‘हे तुम्ही काय करून राहिल्या, बाई? मला पण पोरंबाळं आहेत.’

मी पडलेला ब्रश उचलला.

‘मी आज इकडं आलोच नाही,’ ते म्हणाले. ‘माझं नाव यायला नको.’ आणि दार हळूच लोटून गेले.

सोमवारी साहेब आले. हार झाला, चहा झाला. नकाशाकडं त्यांनी जेमतेम पाहिलं. ‘छान,’ म्हणाले आणि घड्याळात पाहिलं. एवढंच. ज्या नजरेसाठी माझ्या हातून ती रेघ ओढून घेतली होती, ती नजर नकाशावर टेकलीसुद्धा नाही. सरपंचांची मात्र टेकली. साहेबांसमोर ते हसत राहिले. जीप गेली तसे ते परत खोलीत आले.

‘कोनं खरडली?’

हेडमास्तर जमिनीकडं पाहत होते.

‘मी,’ मी म्हणाले.

‘कावून?’

का खरडली, याचं उत्तर मी रात्रभर पाठ केलं होतं. ऐन वेळी ते पार उडून गेलं. मी टेबलाची कड धरून उभी होते. त्यांनी कोपऱ्यातला काळा डबा काठीनं ओढला आणि परत माझ्या पायाशी आणला.

‘वढ आता. माह्या समोर वढ.’

शाळेत मी पुस्तकी मराठी बोलायची. ट्रेनिंगला तसंच घोटून घेतलं होतं. त्या वेळी मात्र तोंडातून माझ्या आईची बोली आली.

‘मले तुमचा भेव वाटते,’ मी म्हणाले. ‘लय भेव वाटते. पन रेघ नाई वढनार.’

त्यांनी काठी उचलली. मी डोळे मिटले. काठी टेबलावर आदळली. शाईची दौत उडून फुटली आणि निळी शाई माझ्या लुगड्यावर पडली.

‘धारणीले धाडतो तुले. राह्य जंगलात.’

धाडलं. तीन आठवड्यांत हुकूम आला. वडिलांना कळवलं तेव्हा त्यांनी भावाकडून एका ओळीचं कार्ड लिहून घेतलं, ‘म्या काय सांगतलं होतं.’ ते रागानं होतं की काळजीनं, ते मी अजून विचारलेलं नाही. भागरता मायनं बसपर्यंत ट्रंक डोक्यावरून आणली. तिनं नंतर निरोप धाडला की सरपंचांनी गाड्या रंगवणाऱ्याला बोलावून रेघ परत ओढून घेतली आहे. पहिल्यापेक्षा जाड.

लोक म्हणतात, मग काय मिळालं तुम्हाला? नोकरी बदलली, घर सुटलं, रेघ होती तिथंच आहे. खरं आहे. काही मिळालं नाही.

धारणीला मला आता दोन वर्षं होतील. गेल्या महिन्यात मी बदलीचा अर्ज केला. गाव तेच, शाळा तीच. इथले कारकून म्हणाले, ‘बाई, डोकं ठिकाणावर हाये काय?’ अर्जात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, काम अर्धं राहिलं आहे.

भीती गेलेली नाही. पण गेल्या वेळी मी बाजाराचा दिवस पाहिला, आतून कडी लावली आणि चोरासारखी खरडली. आता तसं करणार नाही. शाळा भरलेली असेल, दार सताड उघडं असेल, सरपंचांना मीच निरोप धाडीन. मग खुरपं घेईन.